भुलीआधीचे दोन घोट

हर्नियाच्या ऑपरेशनच्या दिवशी, सकाळी सव्वासहा वाजता, मला सक्त मनाई असलेली एकच गोष्ट मी दोनदा केली. मी पाणी प्यायलो.

('प्यायलो' हा शब्द माझ्या बायकोचा. माझ्या मते पाणी तोंडात आलं आणि पुढे गेलं. माझा त्यात पुढाकार नव्हता.)

मनाई करणाऱ्या होत्या डॉ. मोकासे मॅडम. भूलतज्ज्ञ, मूळच्या पिशोरच्या. आदल्या दिवशी त्यांनी मला तपासायला बोलावलं, तेव्हा मी वहीत चौदा प्रश्न लिहून नेले. तीस वर्षं वर्तमानपत्रात काढलेल्या माणसानं तयारीशिवाय कुणापुढे बसू नये, अशी माझी समजूत.

"पूर्ण भूल देणार की अर्धी?"

"कंबरेखालची. पाठीत बारीक सुई. जागेच राहाल, पण दुखणार नाही."

"आणि ती लागू पडली नाही तर?"

"तर पूर्ण झोपवीन. म्हणून पोट रिकामं पाहिजे. साध्या झोपेत घशात काही गेलं तर तुम्ही ठसकता, जागे होता. भुलीत तो ठसकासुद्धा झोपतो. पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरलं, तर हर्निया राहील बाजूला आणि जिवावर बेतेल. रात्री बारानंतर जेवण नाही, चहा नाही, पाण्याचा थेंब नाही. घ्या लिहून."

मी लिहून घेतलं. खाली दोन रेघाही मारल्या. इतकं सोपं करून सांगणारा एकही मंत्री मला तीस वर्षांत भेटला नव्हता. घरी जाऊन मी हे सगळं बायकोला आणि ऑपरेशनसाठी मुद्दाम पाचोडहून आलेल्या भागवतला, म्हणजे माझ्या मेहुण्याला, तपशीलवार समजावलं. दोनदा.

आता पाण्याविषयी. ते दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष. जायकवाडी आटत होतं आणि शहर वाढत होतं. आमची वसाहत इतकी नवी की तिथं नळाच्या आधी केबल टीव्ही पोचला. पाणी टँकरचं, आणि टँकर कधी येईल हे नगरसेवकालाही ठाऊक नसे. तो नेमका त्या दिवशी सकाळी सहाला आला! टँकरचा पाइप आमच्या मागच्या हौदापर्यंत पोचत नसे. म्हणून दारातले तीन ड्रम भरून घ्यायचे, नळीनं ते हौदात उतरवायचे आणि टँकर हलायच्या आत पुन्हा भरायचे. नळीचं एक टोक ड्रममध्ये, दुसरं आपल्या तोंडात. दम लावून ओढायचं आणि पाणी ओठाशी आलं की टोक हौदात सोडायचं. अख्खी वसाहत असंच करी.

सर्जननी मला वजन उचलायला मनाई केली होती, भूलतज्ज्ञांनी पाणी प्यायला. नळी ओढायला कुणीच नाही.

"दाजी, मी वढतो की!" भागवत म्हणाला. "तुम्ही बसा निवांत."

"तुला जमणार नाही. या नळीची एक पद्धत आहे."

मी ओढलं. पद्धत चुकली. घोट गेला.

भागवत माझ्या गळ्याकडं बघत होता. "दाजी, गिळलं व्हय?"

"नाही."

"मंग नरड्यात काय हाललं?"

सर्जन बाहेरगावचे, महिन्यातून एकदाच येणारे. आज नंबर हुकला तर पुढच्या महिन्यापर्यंत हर्नियाचा गोळा सांभाळत, कंबर धरून हिंडायचं. तेव्हा ही बातमी तूर्त बाहेर जाऊ नये, असं माझं मत पडलं. पण दडवायची झाली तरी ती अचूक माहीत हवी. अर्धा घोट की थेंबभर? आम्हां दोघांत मतभेद झाले. अंदाज घ्यावा म्हणून मी नळी पुन्हा तोंडाला लावली.

तो पूर्ण घोट होता.

"आता दीड झालं," भागवत म्हणाला. "दाजी, नका आता अंदाज घेऊ! मिठाचं पानी देऊ का? लगेच उलटून पडंल."

"किती प्यावं लागतं?"

"दोन तांबे."

तेवढ्यात बायको बाहेर आली. माझ्या मिशा ओल्या होत्या. ती नुसती भागवतकडं बघत उभी राहिली. तो पाचव्या सेकंदाला फुटला.

"अहो, रातभर आम्हाला ठसका समजावत होता ना तुम्ही!" ती म्हणाली. "जाऊन खरं सांगा मॅडमला. नायतर मी सांगते."

मी सांगणार होतो. फक्त योग्य शब्दांत.

सात वाजून वीस मिनिटांनी दवाखान्यात मॅडम माझा केसपेपर घेऊन समोर आल्या. "रात्रीपासून पोटात काय गेलं?"

"बारानंतर मी काहीही खाल्लेलं नाही," मी म्हणालो. विधान शंभर टक्के खरं होतं.

"खाल्लं का, असं विचारलंच नाही मी. पोटात काय गेलं?"

"सकाळी काही प्रमाणात पाण्याशी संपर्क आला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कुठं आला? अंगाशी का नरड्याशी?"

आयुष्यभर मी पुढाऱ्यांची अशी वाक्यं सोलली होती. माझं कुणी सोलेल, ही कल्पना नव्हती. तिसऱ्या प्रश्नाला मी शरण आलो. काय, किती, कधी, कुठलं, कसं. बातमीला लागणारे सगळे प्रश्न त्यांनी एका दमात विचारले. नळीचा मजकूर आल्यावर त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत.

"फक्त पाणीच? वरून चहा नाही?"

"नाही."

"किती म्हणालात?"

"अर्धा घोट."

मॅडम माझ्या डोक्यावरून मागं बघत म्हणाल्या, "पाहुणे, किती?"

"दीड," भागवत म्हणाला. "आईच्यान, मॅडम. दीड."

पुढचा महिना माझ्या डोळ्यांपुढं कंबर धरून उभा राहिला.

"चहा असता तर आज घरी पाठवलं असतं," मॅडम म्हणाल्या. "नुसतं पाणी पोटात फार वेळ थांबत नाही. पण टँकरचं पाणी, आणि तुम्ही सांगताय तेवढंच की जास्ती, कोण जाणे. पहिला नंबर होता, आता शेवटचा. बारा वाजता. आणि हे न सांगता टेबलावर चढला असता तर काय झालं असतं, ते काल तुम्हीच लिहून घेतलंय. वही काढा आणि वाचा."

मी वाचलं. दोन रेघा मारलेल्या होत्या. चुकून पाणी गेलं तर काय करायचं, हा प्रश्न माझ्या चौदांत नव्हता. पुढचे साडेचार तास मी सगळ्यांच्या आधी आलेला शेवटचा पेशंट म्हणून बाकावर बसलो.

बारा वाजता त्यांनी मला टेबलावर बसवलं, पाठ वाकवायला लावली आणि मुंगी चावावी तेवढं काहीतरी झालं. पाय गरम झाले, जड झाले. मी अंगठा हलवायचा हुकूम सोडला. त्यानं दखल घेतली नाही. मॅडम कापसाचा गार बोळा लावत विचारत होत्या, "इथं गार लागतं? इथं?" खात्री होईपर्यंत त्यांनी सर्जनना हात लावू दिला नाही. मग तासभर त्या माझ्या उशाशी होत्या. सर्जनचं लक्ष हर्नियात, त्यांचं माझ्यात. एकदा पोटात ढवळल्यासारखं झालं. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "मळमळतंय ना? थांबेल आत्ता." हाताला लावलेल्या सुईतून काहीतरी सोडलं आणि थांबलं. दाराबाहेरच्या पाटीवर नाव फक्त सर्जनचं होतं. मी तेव्हाच ठरवलं, या बाईंवर लिहायचं.

संध्याकाळी पायात जीव आला. खाटेच्या पायथ्याशी केसपेपर लटकत होता. दुसऱ्याच्या टेबलावरचा कागद उलटा वाचायची सवय धंद्यानं लावलेली, त्यामुळे फार कष्ट पडले नाहीत. मॅडमचं अक्षर स्वच्छ. नोंद इंग्रजीत, भाषांतर माझं:

'माहिती देणारा: रुग्ण स्वतः. व्यवसाय: पत्रकार. माहितीची विश्वासार्हता: बेताची. मेहुण्याकडून खात्री करून घेतली.'