रुसैलचं पथक बाद झालं ते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. विनयला, म्हणजे नवऱ्यालासुद्धा नाही — आणि त्याला मी एरवी काहीही सांगते, त्याला नको असलं तरी सांगते. बहिणीला नाही, मैत्रिणींना तर नाहीच. देवापुढे हात जोडते तेव्हाही हा विषय मी बरोब्बर टाळते. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. कसलं सोपं! बघा ना, सुरुवातच किती वेळ चाललीये.

एका माणसाचं नाव मी खराब केलं. चांगला माणूस होता. म्हणजे आहे, अजून आहे.

पण आधी मला त्या दिवसांबद्दल थोडं बोलू द्या. दोन हजार सोळा-सतराचा सुमार असेल. आम्ही मस्कतला राहायचो, अल हैलला, समुद्रापासून जवळ. विनय एका बांधकाम कंपनीत इंजिनियर, मी एका दवाखान्यात हिशेब बघायचे. आणि शुक्रवार? शुक्रवार ढोलाचा! आमच्या वस्तीतल्या मराठी लोकांनी ढोल-ताशा पथक काढलं होतं. विनयला घरात खिळा ठोकता येत नाही, पण कमरेला ढोल बांधला की काय रुबाब यायचा त्याला, काय सांगू. सोहारकडच्या लोकांचं एक पथक होतं आणि तिसरं रुसैलचं — तिथल्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या पोरांचं, बहुतेक सगळे कोकणातले. कंपनीच्या कामगार-कॅम्पमागे, गोदामांच्या सावलीत, ढोलाला टॉवेल गुंडाळून ती सराव करायची. आवाज बाहेर जाऊन कुणी तक्रार करू नये म्हणून.

मी वाजवत नव्हते. मी फॅन. नुसती नाही हं, पुढारी फॅन! खुर्चीवर उभं राहून शिट्टी मारणारी. स्पर्धा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हॉट्सॲपवर लांबलचक वृत्तांत लिहायचे. कुणाचा ढोल सैल वाजला, कुणाचा फेटा सुटला, कोणती काकू नाचता नाचता साडीत अडकली — सगळं तिखटमीठ लावून. लोक चहा घेऊन वाट बघत बसायचे. "वहिनींचं आलं का?" असे मेसेज यायचे. मला ते फार आवडायचं. अजूनही आठवलं की बरं वाटतं, आणि लगेच नको वाटतं.

रुसैलचा ताशा सुधाकर वाजवायचा. गुहागरकडचा. एका पॅकिंगच्या कारखान्यात सुपरवायझर. ढोल-पथकात ताशावाला पुढे असतो. तो चाल बदलतो आणि मागचे सगळे ढोल त्याच्या मागे जातात, म्हणजे सगळा डोलारा त्याच्या दोन काड्यांवर. आणि हा सुधाकर म्हणजे गरीब बिचारा वगैरे मुळीच नव्हता, हे लक्षात घ्या. बढाईखोर मेला! मिशीला पीळ, घरातसुद्धा गॉगल, वाजवताना तेवढा काढायचा. भेटला की सुरू — "काय वैनी, ह्या वेळेला अल हैलला झोपवतो की नाय बघा." मी म्हणायचे, आधी मिशी आवर, ताशात अडकेल. तो मोठ्याने हसायचा. आमच्या घरी जेवायलाही यायचा, सोलकढीच्या तीन-तीन वाट्या प्यायचा. त्याची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती — वादन रंगलं की तो डोळे मिटायचा. ताशा वाजतोय, मान हलतेय आणि डोळे बंद.

तर ती स्पर्धा. मोसमातली पहिली, गणपतीच्या आधी महिनाभर. ऑगस्टचा उकाडा, हवा अशी दमट की ढोलाच्या दोऱ्या आवळून आवळून हात सोलले जायचे. सुट्टीवर गेलेले निम्मे लोक नुकतेच भारतातून परतलेले, सराव कुणाचाच नाही. पहिल्या स्पर्धेत कुणी धड वाजवत नाही, हे आम्हा फॅन लोकांना माहीत असतं. तरी जायचं, हसायचं, एकमेकांना चिडवायचं. तीच मजा.

जागा मस्कत-सोहार रस्त्यावर, खाबुऱ्याजवळ मिळाली होती. एका ओमानी म्हाताऱ्याचा मझरा — म्हणजे खजुराची बाग, भोवती उंच भिंत, मधे मोठं मोकळं अंगण. ही जागा सुधाकरनेच मिळवली होती. म्हातारा त्याच्या ओळखीचा, सगळे त्याला अर्बाब, म्हणजे मालक, म्हणायचे. त्याची अट एकच. "अजान होगा, ढोल बंद. बाद में फिर बजाओ. खलास." सुधाकरने त्याचा हात हातात घेऊन शब्द दिला होता. मी तिथेच उभी होते तेव्हा.

आता ढोल सुरू असताना अजान ऐकू कशी येणार? त्याची आमची एक पद्धत होती. फाटकापाशी एकाने उभं राहायचं, कान बाहेर, हातात लाल कापड. रस्त्यापलीकडच्या मशिदीतून पहिला स्वर आला की कापड हलवायचं, की सगळे हात जागच्या जागी थांबणार. अजान संपली की तिथूनच पुढे सुरू. गुण कापायचे नाहीत. पण कापड दिसूनही वाजवत राहिलं तर ते पथक बाद — हा नियम आमचा आम्हीच केला होता, कारण परक्या मुलखात जागा टिकवायची होती. आणि फाटकावर नेहमी दुसऱ्या पथकाचा माणूस ठेवायचे. आपलं पथक वाजत असलं की माणूस हरवून जातो, त्याला बाहेरचं काही ऐकू येत नाही, म्हणून.

रुसैल वाजवणार तेव्हा फाटकावर मी होते.

थांबा, थोडं थांबा. जातानाची गाडी आठवतेय मला — डाव्या हाताला डोंगर, मुलं मागे इंग्रजीत भांडतायत, वाटेत पेपरकपातला कडक चहा. विनय स्टेअरिंगवर बोटांनी ठेका धरतोय. इतके खूश होतो आम्ही. त्या दिवशी सकाळी मला कुणी विचारलं असतं, तू असं करशील का — तर मी त्याला उभा-आडवा झोडला असता.

खरं तर दोन पथकांच्या मधे अजान येईल असा बेत होता. पण सोहारच्या ढोलांचा टेम्पो उशिरा पोचला आणि सगळं पुढे सरकलं. सोहारवाले ठीकठाक वाजवून गेले. मग रुसैल. मग शेवटी आम्ही.

काय वाजवलं हो त्यांनी! पहिल्या स्पर्धेत असं कुणी वाजवतं का? ढोलांचा एकच आवाज, छातीत आदळणारा. लोक आधी हसत होते, मग गप्प झाले, मग उठले. सोहारचे उठले, ते ठीक. पण आमचे? आमच्या अल हैलच्या काकू खुर्च्यांवर चढल्या! बसचा मल्याळी ड्रायव्हर मुंडू खोचून नाचायला लागला. माझ्याच शेजारणीने माझ्याचसारखी शिट्टी मारली — सुधाकरसाठी! विनय कमरेला ढोल बांधून आपल्या पाळीची वाट बघत उभा होता, आणि तोसुद्धा टाळ्या वाजवत होता, तोंड भरून हसत. आणि मधोमध सुधाकर. डोळे मिटलेले.

मला हेवा वाटला. दुसरा शब्द नाही. मनात आलं, आता आपल्या लोकांना कोण बघणार? आणि उद्या मी काय लिहिणार — रुसैलने आम्हाला झोपवलं?

आणि अजान सुरू झाली.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ढोलांच्या आवाजात मला ती ऐकू आली नाही. खोटं आहे ते. ऐकू आली. पहिला स्वर स्वच्छ ऐकू आला, मी फाटकातच तर होते. कापड हातात होतं. हात उचलायचा होता फक्त. आणि मी विचार केला — हो, चांगला सावकाश विचार केला — की नाही उचलला तर?

मी नाही उचलला. कापड मुठीत धरून उभी राहिले. अजान संपत आली तरी.

मझऱ्यावरचा बंगाली राखणदार धावत आला, माझ्या अंगावरून आत गेला, दोन्ही हात वर करून ओरडला. ढोल थांबले. सुधाकरने डोळे उघडले आणि त्याच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, टाळ्यांची वाट बघणारं. मग त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले.

म्हातारा अर्बाब बाहेर आला, तो रागावलाही नाही. सुधाकरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मालूम नहीं हुआ. माफी मुश्किल." म्हणजे त्यांच्या बोलीत, काही हरकत नाही. रागावले ते आपलेच लोक. सगळे माझ्याकडे वळले — वहिनी, कापड नाही हलवलंत? त्या वेळीसुद्धा खरं बोलता आलं असतं. कुणी मला फाशी देणार नव्हतं. पण मी म्हणाले, "हलवलं की! केव्हाची हलवतेय. बघेल तर ना तो." सगळे मैदानाकडे बघत होते, मला कोण बघतंय? राखणदाराला ठाऊक असावं, तो काही बोलला नाही. आणि बाकीच्यांना लगेच पटलं, कारण डोळे मिटलेला सुधाकर तर सगळ्यांनीच पाहिला होता.

तो माझ्यासमोर आला. मला वाटलं, भांडेल. भांडला असता तर मी कदाचित बोलले असते, काय माहीत. तो म्हणाला, "वैनी, माफ करा. तुम्ही तिथं हात दुखवत होता आणि मी डोळे मिटून बसलो. अर्बाबला शब्द दिला होता मी." आणि मी — मी मान डोलावली.

रुसैल बाद झालं. आम्ही पहिले आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक वृत्तांताची वाट बघत होते. मी गप्प बसू शकले असते ना? ताप आलाय म्हटलं असतं. पण मी लिहिलं, आणि फार छान लिहिलं. कापड फडकत होतं, साहेब समाधीत होते — असं. हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. मग एकेक सुरू झाले. कुणी म्हणालं, यांना शिस्त कसली ती नाही. कुणी म्हणालं, यांच्या एका डुलकीपायी उद्या आपल्या सगळ्यांना जागा मिळायची बंद होईल. कॅम्पमधल्या पोरांना बरोबरीने घेतलं की असंच होतं, असंही एकाने लिहिलं — आमच्याच इमारतीतल्या, रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसाने. मी ते वाचलं आणि खाली काही लिहिलं नाही. आठवड्याभरात सुधाकरचं नाव 'समाधीवाले' पडलं. सोहारपर्यंत पोचलं ते.

गणपतीच्या कार्यक्रमात तिन्ही पथकं पुन्हा वाजवणार होती. फाटकावर कोण, असा विषय निघाला तर सुधाकरच म्हणाला, "वैनीच पाहिजेत. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाय." तो वाजवायला उभा राहिला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याने माझ्यावरून नजर हलवली नाही. पापणी लवते की नाही असा बघत होता. वादन चुकलं नाही कुठे. पण लोक बसूनच राहिले. शेजारीण म्हणाली, हात तोच आहे गं, पण मजा गेली. त्यानंतर तो वाजवायला आलाच नाही. ताशा दुसऱ्या पोराला दिला, रुसैलचं पथक ढेपाळलं, आणि पुढच्या वर्षी करार संपल्यावर तो गावी निघून गेला. निघताना आमच्याकडे जेवून गेला.

आम्हीही परत आलो, ठाण्याला. त्या शुक्रवारांची मला इतकी आठवण येते की कधी कधी भाजी चिरता चिरता हात ठेका धरतात, आणि मग मी हात थांबवते.

गेल्या गणपतीत सुधाकरचा फोन आला. विनय बाहेर गेला होता, मीच घेतला. गावातल्या पोरांनी पथक काढलंय म्हणाला, ताशा शिकवा म्हणून रोज दारात येतात. मी म्हटलं, मग शिकव की! तो म्हणाला, "नको वैनी. एकदा माझ्यामुळं सगळ्यांना मान खाली घालावी लागली. तुम्हाला तर किती बोलणी बसली असती, मी वेळेवर कबूल केलं म्हणून बरं." मग म्हणाला, "तुम्ही मनात ठेवलं नाय ना काही?"

मी म्हणाले, "नाही रे सुधाकर. माफ केलं मी तुला, कधीच."