चोपन्न खापऱ्यांचा रांजण

विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात तिला सगळे खापरीबाई म्हणत. उत्खननातून आलेल्या खापऱ्या एकोणीस वर्षं तिनं टबात धुतल्या, वाळवल्या, एकेकीवर बारीक शाईनं क्रमांक घातले. हातात तुकडा आला की त्याचा जोडीदार कुठल्या पेटीत पडलाय, हे तिला बरोबर आठवायचं. असाच एक चोपन्न तुकड्यांचा रांजण तिनं जुळवला, आणि विभागप्रमुखांनी तो स्वतःच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घातला. आत लिहिलं, की हा रांजण त्यांनी एकट्यानं जोडला. तिच्या वाट्याला दोन शब्द आले: अकुशल मदतनीस.

ते शब्द तिला मिरचीसारखे झोंबले. नवरा "जाऊ दे गं" म्हणाला, तर त्याच्याशी ती दोन दिवस बोलली नाही. तिनं डूख धरला. पदवी होतीच, माहेरच्या ट्रंकेत पडलेली. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिनं त्याच विभागात एम.ए.ला नाव घातलं. या वयात हे कशाला, असं जावेनं विचारलं.

"एकाचं नाक कापायचंय," ती म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

प्रबंधाला विषय घेतला उत्खननावर राबणाऱ्या माणसांचा: शोध लावतं कोण आणि नाव होतं कुणाचं. तोंडी परीक्षेच्या दिवशी तिनं रांजण मुद्दाम टेबलावर आणून ठेवला. हा आपण जोडलाय, असं ती म्हणाली तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पुरावा मागितला. प्रमुख हसले.

"मॅडम, यांचं काम खापऱ्या धुण्याचं. रांजण मी जोडलाय."

"सगळे तुकडे तुम्हीच, सर?" तिनं विचारलं.

"सगळे."

एवढंच तिला हवं होतं. या कामातला गोंद पुन्हा सोडवता येईल असाच वापरतात. तिनं पिशवीतून गोंद विरघळवणाऱ्या अ‍ॅसिटोनची बाटली आणि ब्रश काढला आणि सांधे भिजवायला घेतले. रांजणावर तिचा जीव होता. पण हात थांबला नाही. तुकडे एकेक करून सुटले. गोंद लावण्याआधी प्रत्येक तुटक्या कडेवर पेन्सिलनं नाव आणि तारीख घालायची तिची जुनी सवय. जोडल्यावर ते आत झाकून जायचं. ज्यानं कधी गोंदाला हात लावला नाही, त्याला हे कुठून कळणार?

परीक्षक बाईंनी चष्मा सारखा करून चोपन्नच्या चोपन्न तुकडे वाचले. प्रत्येकावर एकच नाव होतं, तिचं. प्रमुखांचा चेहरा खर्रकन उतरला.

"आता हा परत जोडून ठेवा," ते पुटपुटले.

खापरीबाईनं ब्रश पुसला, बाटलीला बूच लावलं आणि गोंदाची ट्यूब त्यांच्यापुढे सरकवली.

"जोडा की, सर. तुम्ही तर एकट्यानं जोडला होतात."