वहीवर न लिहिलेला आकडा

जया ओव्हाळ रशियन शिकली ती त्या भाषेच्या ओढीने नव्हे, तर त्या वर्गात जागा शिल्लक होत्या म्हणून. १९८८ साली दौंडजवळच्या खेड्यातून ती पुण्याच्या कॉलेजात आली, तेव्हा जर्मन आणि फ्रेंचचे वर्ग भरून गेले होते. रेल्वेत गँगमन असलेल्या तिच्या वडिलांनी, कचरू ओव्हाळांनी, प्रवेश अर्जावरचा तो शब्द दोनदा वाचला आणि एवढंच विचारलं, “ही भाषा बोलणारी माणसं हाईत का पुण्यात?”

“माणसं नाहीत. पण त्यांची यंत्रं आहेत.”

त्यावर वडिलांचं समाधान झालं. यंत्र तिथे नोकरी, हा हिशेब त्यांना पटला. पुढे तो चुकला. जयाचं शिक्षण संपलं त्याच वर्षी सोव्हिएत संघ कोसळला आणि पुण्यात रशियन जाणणाऱ्यांना विचारणारं कोणी उरलं नाही.

त्याच वर्गात सदाशिव पेठेतली कादंबरी दातार होती. मॉस्कोला दहा महिने शिकायला पाठवण्यासाठी एकच जागा आली, तेव्हा जयाला कादंबरीपेक्षा चार गुण जास्त होते. गेली कादंबरी. प्राध्यापक म्हणाले, “तिला चार माणसांत बोलायची सवय आहे.” परत येताना कादंबरीने जयासाठी लोकरीचा रुमाल आणला होता. बोलता बोलता ती म्हणाली, “तुझं रशियन छान आहे हं जया. फक्त जरा पुस्तकी आहे.” रुमाल जयाने बहिणीला देऊन टाकला. वाक्य मात्र तिच्याजवळच राहिलं.

पुढे पुण्यात संगणकाच्या कंपन्या आल्या आणि जयाचं बस्तान बसलं. हडपसरच्या एका कंपनीत ती पडद्यावरच्या सूचना रशियनमध्ये उतरवू लागली. ‘पुढे जा’, ‘रद्द करा’, ‘पुन्हा प्रयत्न करा’. अठरा वर्षं तिने असल्या दोन-दोन शब्दांच्या वाक्यांवर येरवड्यातलं घर चालवलं, मुलगा शिकवला, नवऱ्याचं आजारपण काढलं. याच काळात कादंबरी पाहुण्यांच्या शिष्टमंडळांबरोबर दुभाषी म्हणून फिरत होती. कधी वर्तमानपत्रात तिचा फोटो यायचा, परदेशी पाहुण्याच्या अर्धं पाऊल मागे, किंचित झुकलेली. जया आधी साडीच्या निऱ्या पाहायची. त्या विस्कटलेल्या असल्या तर तो दिवस बरा जायचा.

मग वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी या दोघी एका काचेच्या खोलीत शेजारी शेजारी येऊन बसल्या.

पुण्यात वीस-बावीस देशांच्या अधिकाऱ्यांची परिषद भरली होती. रस्त्यांच्या दुभाजकांवर कुंड्या आल्या, भिंतींना रंग लागले. युरोपातल्या युद्धाला वर्ष उलटून गेलं होतं. पाश्चात्त्य देशांना मसुद्यात त्या युद्धाचा निषेध हवा होता, रशियाला त्याचा उल्लेखसुद्धा नको होता आणि यजमान भारताला दोन्ही बाजू टेबलाशी बसलेल्या हव्या होत्या. रशियन दुभाष्यांची वानवा होती, म्हणून दिल्लीहून आलेल्या मुख्य दुभाष्याने, हिंमतराव जाचकांनी, पुण्यातून या दोघींना निवडलं होतं. हिंमतराव मूळचे इंदापूरकडचे. तीस वर्षं दिल्लीत काढूनही त्यांचं बोलणं तिकडचंच राहिलं होतं.

पहिल्या सकाळी त्यांनी दोघींना समोर बसवलं. “जयाबाई, तुम्ही आमच्या भागातल्या. गावाकडे दोन चुलत्यांचं बोलणं बंद असलं, तर लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून आधी नाव कोणाचं छापायचं?”

“कोणाचंच नाही. ‘समस्त परिवार’ छापतात.”

“तेच काम इथे चाललंय. फक्त पत्रिका इंग्रजीत आहे.”

“आमच्याकडे अशा वेळी पत्रिकाच छापत नाहीत,” कादंबरी म्हणाली. “फोनवर कळवतो. ज्याला यायचं तो येतो.”

हिंमतराव हसले. जयाला ते हसणं खटकलं. तिच्या उत्तराला ते नुसते मान हलवून पुढे गेले होते.

“आता कामाचं,” ते म्हणाले. “सप्टेंबरात दिल्लीला राष्ट्रप्रमुखांची बैठक आहे. पुण्यातून मला एकच नाव द्यायचंय. तीन दिवस दोघींना ऐकतो आणि मग सांगतो.”

जयाला ‘एकच’ हा शब्द नवा नव्हता. आपल्याला दिल्ली हवी आहे, हे तिने त्या क्षणी स्वतःशी कबूल केलं. आपलं रशियन पुस्तकी नव्हतं, हे एकदा कुठेतरी ठरून जायला हवं होतं.

काचेच्या खोलीतल्या कामाची एक रीत असते. दोघींपुढे दोन माइक आणि मध्ये एक वही. अर्धा तास एकीने बोलायचं, अर्धा तास दुसरीने. जी बोलत नसते तिला विश्रांती नसते. वक्त्याने उच्चारलेले आकडे आणि नावं तिने मोठ्या अक्षरांत वहीवर लिहायची असतात. बोलणारीच्या मनात वाक्याचा अर्थ धरलेला असतो आणि आकड्याला अर्थ नसतो, म्हणून तो निसटतो. तो पकडायचं काम शेजारणीचं. बाहेरच्यांना एकच आवाज ऐकू येतो, पण तो दोघींच्या भरवशावर चाललेला असतो.

पहिला दिवस नीट गेला. जया नेमकं बोलली. कादंबरी सुरेख बोलली. तिच्या आवाजाला एक ऊब होती. रशियन प्रतिनिधी चिडून बोलला तरी तिच्या इंग्रजीतून ती चीड घरंदाज होऊन बाहेर पडायची. जेवणाच्या वेळी फ्रान्सची एक बाई काचेपाशी येऊन म्हणाली, “तो आवाज तुमचा का?” तिने विचारलं जयाला. जयाने बोटाने कादंबरीकडे दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रशियन प्रतिनिधी मसुद्यावर बोलायला उभा राहिला. पाळी कादंबरीची होती. तो झपाट्याने वाचत होता. बाकी सारा मसुदा मान्य आहे, परंतु परिच्छेद आठ, चौदा आणि एकवीस यांना आमची संमती नाही, असं म्हणून तो न थांबता लांबलचक कारणांत शिरला. जयाने आठ लिहिला, चौदा लिहिला. त्याच वेळी सभागृहातली ती फ्रान्सची बाई कानावर हात धरून, डोळे मिटून कादंबरीला ऐकत होती. जयाने तिच्याकडे पाहिलं. एकवीस तिला स्वच्छ ऐकू आला होता. पेन्सिल हातातच होती. ती हलली नाही.

कादंबरीची नजर वहीवर गेली. “आठ आणि चौदा,” ती म्हणाली आणि पुढच्या वाक्यावर गेली.

समोरच्या बाजूला माना वर झाल्या. एकविसावा परिच्छेद धान्याच्या जहाजांबद्दलचा होता आणि त्यावर दोन दिवस रण माजलं होतं. अध्यक्षस्थानी बसलेल्या भारतीय अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर अविश्वास आणि आशा एकदमच आली. रशियन प्रतिनिधी भाषण संपवून खाली बसला, कानातलं यंत्र काढून शेजाऱ्याशी बोलू लागला.

“म्हणजे एकविसावा परिच्छेद सर्वांना मान्य आहे, अशी नोंद करावी का?” अध्यक्षांनी विचारलं आणि त्यांचा हात लाकडी हातोडीकडे गेला.

जयासमोर तिच्या माइकचं बटण होतं. एक बोट पुढे केलं असतं तर साऱ्या सभागृहाने जया ओव्हाळचा आवाज ऐकला असता, ‘दुभाष्याकडून दुरुस्ती’. कोणी चूक केली आणि कोणी सावरली, ते हिंमतरावांना विचारावंसुद्धा लागलं नसतं. बोट बटणावर गेलंही. पण दुसरा आवाज निघाला की सगळ्यांची तोंडं काचेकडे वळणार, हे तिला दिसलं. यजमानांच्या दुभाष्यांनी आमचं म्हणणं कापलं, असं एका बाजूने म्हणायचं. आम्हाला खोटी आशा दाखवली, असं दुसरीने. युद्ध राहील बाजूला आणि भांडण यजमानाशी सुरू होईल. तिने बोट काढलं, वहीवर पानभर मोठा २१ काढला आणि वही कादंबरीच्या पुढ्यात ढकलली.

कादंबरीचा रंग उतरला. आवाज मात्र तोच, तितकाच उबदार. “दुभाष्याकडून दुरुस्ती. परिच्छेद आठ, चौदा आणि एकवीस.”

अध्यक्षांनी हातोडीवरचा हात चष्म्याकडे नेला, जणू तो तिकडेच निघाला होता. “तिन्ही परिच्छेद खुले आहेत,” ते म्हणाले. “आणि आता चहाची वेळ झाली आहे.” चहाला अजून पाऊण तास होता. सगळे उठले.

हिरवळीवर दोन्ही बाजू कप घेऊन दोन टोकांना उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी जयाला बोलावून घेतलं आणि ते रशियन प्रतिनिधीपाशी गेले. “तुम्ही सहमत व्हा असं मी म्हणत नाही,” ते म्हणाले आणि जया हलक्या आवाजात सांगत गेली. “वर ‘बहुतेक सदस्यांचं मत’ असं लिहू. तुमची असहमती तुमच्याच शब्दांत तळाशी घालू. खाली सही फक्त यजमानाची. दोष द्यायचा तर दोघांनी आम्हाला द्या.”

प्रतिनिधी कोरडं हसला. “दोष द्यायला यजमान बरा सापडला.”

“त्यासाठीच बोलावलंय तुम्हाला,” अध्यक्ष म्हणाले. मग ते हिरवळ ओलांडून दुसऱ्या टोकाला गेले आणि तेच वाक्य तिथे इंग्रजीत म्हणाले. अशा सहा फेऱ्या झाल्या. जयाचा एक शब्दही चुकला नाही. पण तो ऐकला दोन माणसांनी. सभागृहाच्या उघड्या दारातून दिसत होतं, काचेआड कादंबरी पाणी पीत बसली होती आणि फ्रान्सची ती बाई तिला हात हलवून दाखवत होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मसुदा यजमानाचा सारांश म्हणून निघाला. कोणी खूश नव्हतं. उठूनही कोणी गेलं नव्हतं. हिंमतरावांनी दोघींना बाजूच्या खोलीत बोलावलं.

“ध्वनिमुद्रण ऐकलं,” ते म्हणाले. “रशियन गृहस्थाने तिसरा आकडा उच्चारला त्यापासून दुरुस्तीपर्यंत उरलेलं सगळं भाषण होऊन गेलं. अध्यक्षांचा हात हातोडीवर होता. मला एकच सांगा. आकडा वेळेवर वहीत होता का?”

जयाने तोंड उघडण्याआधीच कादंबरी म्हणाली, “होता. जयाने लिहिला होता. माझंच लक्ष गेलं नाही.”

हिंमतरावांनी मान डोलावली आणि टेबलावरच्या कागदाकडे हात नेला. जयाला कळलं, दिल्ली आता आपली. गप्प बसायचं एवढंच काम उरलं होतं. तिने कादंबरीकडे पाहिलं. कादंबरी पदर सारखा करत शांत उभी होती. काही दिल्याचा आवसुद्धा तिच्या चेहऱ्यावर नव्हता. मॉस्को हिचं, आवाज हिचा, फोटो हिचे. आता मोठेपणाही हिचाच? आणि आपण तो पदरात घेऊन जन्मभर हिंडायचं?

“नव्हता, सर,” ती म्हणाली. “मला ऐकू आला होता. मी लिहिला नाही.”

“विसरलात?”

“नाही.”

हिंमतरावांनी कागदावरचा हात मागे घेतला. “बाई, बोलताना चुकणारी माणसं मला चालतात. मीही चुकत आलोय. पण शेजारची लिहीत नसेल तर बोलणारीने कोणाच्या भरवशावर बोलायचं?” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “दातारबाई, नाव तुमचं देतोय. तुम्ही माझ्याशी धडधडीत खोटं बोललात हे लक्षात ठेवून देतोय.”

पायऱ्यांशी आल्यावर कादंबरीने जयाला दंडाला धरून थांबवलं. “कशाला बोललीस? मिटलं होतं की.”

“तू मिटवलंस म्हणून.”

“म्हणजे?”

“ते मला सहन झालं नाही.”

“तू स्वतःचा माइक दाबला नाहीस. बोट होतं बटणावर, मी पाहिलं,” कादंबरी म्हणाली. “मला उघडं पाडलं नाहीस, म्हणून मीही तुला पाडलं नाही. म्हटलं, झाली फिट्टंफाट. त्यात कसला आलाय मोठेपणा?”

“मला वाटला.”

“इतका हेवा?”

“इतकाच. अठ्ठ्याऐंशीपासून.”

“मला वाटायचं, तुला मी नुसतीच आवडत नाही.”

“तेही आहे.”

कादंबरीने पर्समधून गाडीची किल्ली काढली. “बस. येरवड्यापर्यंत सोडते. नाही म्हणू नकोस, आज तुझ्याशी वाद घालायचं त्राण नाही.”

जया बसली. गाडी बंडगार्डनच्या पुलापाशी आली. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा कादंबरीने सरळ समोर पाहत विचारलं, “दिल्लीला साडी कोणती नेऊ?”

जयाने थोडा विचार केला.

“निळी नको,” ती म्हणाली. “निळ्यात तू फार चांगली दिसतेस.”