केसरच्या हाताला लावलेला वास

रेवदंड्याच्या प्रसूतिगृहाला एका मुंबईकर शेठजींनी कपडे धुण्याचे यंत्र दान दिले. रेवसपर्यंत लाँचने आणि पुढे बैलगाडीने आलेल्या त्या यंत्राला पुढल्या अंगाने काचेचे वाटोळे दार होते आणि दाराच्या कडेने रबराचे जाड कडे. त्याची सेवा केसरकडे आली. केसर कोळीवाड्यातली विधवा. सकाळी मासळी विकावी, दुपारी बाळंतिणींच्या चादरी नि दुपटी धुवावीत, असा तिचा नित्यक्रम.

आषाढात दुपट्यांना कुबट वास येऊ लागला. व्यवस्थापक हरेश्वरपंतांनी एक दुपटे नाकाशी नेले आणि बाळंतिणींच्या खोलीत, सर्वांदेखत निर्णय दिला.

"कोळणीच्या हाताचा वास हा! यंत्र बिचारे काय करील? गोकुळाष्टमीपर्यंत गेला नाही, तर दुसरी बाई पाहीन."

आरोपीचे म्हणणे ऐकल्यावाचून दंड सांगणारे शास्त्र कोणत्याही ऋषीने लिहिले नाही. ते पंतांनी उभ्या उभ्या रचले. केसर पुढे झाली.

"पंत, होड्या किनाऱ्याला ओढून ठेवल्यात. म्हावरा हाय कुठं? माझ्या हाताला वास येनार तो कशाचा?"

"जन्माचा मुरलेला असतो तो," पंत म्हणाले नि चालते झाले.

जन्माचा! ज्या हातांनी या गावाची ताटे भरली, त्या हातांना गावाने द्यावयाचे बिरुद हेच का? केसरने रिठ्याने, राखेने, चिंचेने हात घासघासून लाल केले. दुपट्यांचा वास हलला नाही. तेव्हा संतापाच्या भरात तिने यंत्राच्या दारातच डोके घातले. भपकारा आला. रबराच्या दुमडीत बोट फिरवले, तो काळी, बुळबुळीत बुरशी बोटाला लागली.

मागे दायी तुळशीबाई उभी होती. "केसरबाय, हे काळं कुठनं आलं गो?"

केसरने बोटाकडे पाहिले, मग यंत्राच्या दाराकडे. कोळीवाड्यात उघडे टाकले ते मांजराचे. रिकामी पाटीसुद्धा तेथे पालथी घालून ठेवतात. त्याच संस्काराने ती रोज काम आटोपले की ओल्या यंत्राचे दार घट्ट दाबून लावत आली होती.

"माझ्याच करनीनं आलं. आनखी कुठनं?"

"मग गप पुसून टाक. पंतांना कशाला सांगतेस?"

"पुसनार तर हायच. पन गप कशाला ऱ्हाऊ?"

तिने सोड्याच्या गरम पाण्याने दुमड घासली, कोरड्या फडक्याने टिपली, दार उघडे ठेवले आणि मांजर शिरू नये म्हणून यंत्राच्या तोंडावर जुन्या जाळ्याचा तुकडा ताणून बांधला. वारा खेळू लागला, तशी दुपटी निर्मळ निघू लागली.

मग ती त्याच खोलीत पंतांपुढे जाऊन उभी राहिली. "दार मी लावत व्हते, मांजराच्या भयानं. आत बुरशी धरली. चूक माझी."

पंतांची मुद्रा उजळली. "म्हणजे दोष तुझाच! मी काय सांगत होतो?"

"तुमी दाराचं न्हाय सांगितलं. माझ्या हाताचं सांगितलं, जन्माचं सांगितलं. जितं बोललात तितंच मागं घ्या."

"अगं, प्रश्न मिटला ना आता?"

"दुपट्यांचा मिटला."

कोपऱ्यातल्या खाटेवरून आगरातली कमळ म्हणाली, "घ्या की मागं, पंत. तवा आवाज चांगला खणखणीत व्हता तुमचा." बाया पदराआड हसल्या.

पंतांनी उपरणे सावरले. "हाताचा नव्हता वास," ते भिंतीकडे पाहून पुटपुटले.

केसर हलली नाही. आपली चूक तिने मान वर करून सांगितली होती. आपला अपराध भिंतीला सांगण्याची मुभा पंतांना कोणी दिली?

"भिंतीला न्हाय, पंत. ह्या बायांना सांगा."

पंत वळले. या खेपेस शब्द शेवटच्या खाटेपर्यंत पोहोचले.