ताईचं जाऊ दे

आमच्या भाऊजींच्या पायाला भिंगरी आहे असं सगळे म्हणतात. मी म्हणते, भिंगरी परवडली. ती निदान दमून कधीतरी आडवी पडते. हा माणूस जेवतानासुद्धा एक पाय खुर्चीबाहेर ठेवून बसतो, कुणी हाक मारली तर उठायला सोपं जावं म्हणून. हाक कुणी मारत नाही, ती गोष्ट वेगळी.

मी दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर असते. दिवसभर लोकांना 'बसा' म्हणायचं, हीच माझी नोकरी. दाढ ठणकत असलेली माणसंही माझ्या एका शब्दावर बसतात. भाऊजी एकदा दाढ दाखवायला आले, तर नंबर येईपर्यंत त्यांनी दाराची सैल बिजागरी घट्ट केली, पंख्याची कुरकुर बंद केली आणि डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा स्वारी जिन्यात दिवा तपासत उभी. मी ओरडले, तर म्हणाले, मेहुणीबाई, दात काय, पळून जातात का?

लिफ्ट दुरुस्त करायचं त्यांचं काम. अर्धं आयुष्य वरखाली करण्यात गेलं आणि उरलेलं घरं बदलण्यात. बेकरीच्या वरचं घर, गॅरेजच्या मागचं, शाळेसमोरचं, कालव्याजवळचं. कधी काम लांब पडतं म्हणून, कधी उजेड कमी म्हणून, कधी काही नाही, नुसता 'जरा बदल'. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. यांचं बिऱ्हाड माझ्या ताईच्या पाठीवर होतं. ताई पडदे शिवते. अख्ख्या गावाच्या खिडक्या तिने झाकल्या, पण तिच्या स्वतःच्या खिडकीला मापाचा पडदा कधी लाभला नाही, कारण पडदा या घरात बेतलेला आणि खिडकी पुढच्या घराची. मग खालून पट्टी जोड, नाहीतर वरून दुमड. माझी भाची कमवायला लागल्यावर एका घरात राहायला गेली ती अजून तिथेच आहे. तिच्याकडे गेलं की सोफा मागच्या वेळच्याच जागी असतो, मला तर डोळे भरून येतात.

आत्ताच्या घरात मात्र ताई रुजली. मागच्या खोलीत तिने कापड बेतायला टेबल करून घेतलं, जवळजवळ खोलीएवढं. सुताराने फळ्या आत आणून तिथेच जोडल्या. दारातून हे टेबल परत निघणार नाही बाई, विचार करा, असं त्याने दोनदा बजावलं. ताई म्हणाली, करा तुम्ही. माझ्या बहिणीने आयुष्यात एवढ्या ठामपणे काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

आणि मग भाऊजी निवृत्त झाले. आधी घरातले गळके नळ दुरुस्त झाले, मग न गळणारे झाले, मग ते गळायला लागले. एके दिवशी दारात बघते तर काय, त्यांच्या छोट्याशा एसयूव्हीच्या मागे एक पांढरा कॅम्पिंगचा ट्रेलर. जुनाच, पण घासूनपुसून लख्ख केलेला. आत एक पलंग, एक शेगडी, हात धुवायला भांडं. गाडी लहान, पण एवढं ओझं ती ओढते, हे त्यांनी पुस्तक वाचून, कंपनीला फोन करून, शेजारच्या मेकॅनिकचं डोकं खाऊन पक्कं केलं होतं. मागे ट्रेलर अडकवायला गोळ्याचा हूक बसवला, दिव्यांची वायर जोडली, बाजूला लांब दांड्यांचे आरसे लावले. गाडीला कान उगवल्यासारखे दिसत होते. मला वाटलं, चला, बुवाला खेळणं मिळालं.

पण खेळणं कसलं. घर विकायचं आणि दोघांनी ट्रेलरमध्ये राहायचं, मनाला येईल तिथे, असा बेत होता. दलालाने गिऱ्हाईकसुद्धा आणलं होतं. सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं.

मी तणतणत ताईकडे गेले. तिला हे नको आहे, हे मला तिच्या मानेवरून दिसत होतं. विचारलं, तू काय बोललीस त्यांना? ती म्हणाली, बोलले मी. काय बोललीस? बोलले ना. यापुढे एक अक्षर नाही. हिच्या तोंडात टाचण्या असतात म्हणून ही बोलत नाही, की बोलायचं नाही म्हणून टाचण्या धरते, हे मला अजून कळलेलं नाही. भाऊजींना विचारलं तर ते खुशीत. तिची ना नाही, म्हणाले. आधी शनिवार-रविवार तळ्याकाठच्या कॅम्पिंगच्या जागेत राहून बघू, तिला आवडलं की सोमवारी दलालाला फोन. मी म्हटलं, मी पण येणार. सोमवारच्या आत ताईचं तोंड उघडायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शनिवारी निघालो. मी मागे, ताई पुढे, भाऊजींची जीभ गाडीपेक्षा जोरात. चढ लागला की इंजिनाला धाप लागायची आणि मागचे लोक आमच्याकडे वळून बघत पुढे जायचे. भाऊजींना त्याचं काही नाही. हे तळं झालं की डोंगर, डोंगर झाला की समुद्र. मी ताईच्या मानेकडे बघत होते. ती मांडीवर हात ठेवून बसली होती, आणि हातात काम नाही म्हणून बोटं साडीचा काठ चिमटत होती.

उतारावर एक मोठा ट्रक शेजारून सूं करून गेला आणि मागचा ट्रेलर शेपूट हलवायला लागला. डावीकडे, उजवीकडे, अख्खी गाडी धरून हिसके. माझा तर जीवच गेला. मी ओरडले, ब्रेक मारा. भाऊजींनी ब्रेकला पाय लावला नाही, ॲक्सिलरेटरवरचा काढला आणि स्टिअरिंगचं चाक सरळ धरून नुसते बसून राहिले. काहीही न करता बसलेला हा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. हिसके हळूहळू कमी झाले. गाडी कडेला घेतल्यावर त्यांनी ट्रेलर उघडून पाहिलं, तर मागच्या कपाटात ताईचं लोखंडी शिलाई मशीन आणि कापडाचा गठ्ठा. सोमवारी द्यायचे पडदे होते, म्हणून बरोबर घेतले, म्हणाली. वजन मागे गेलं की ट्रेलर नाचतो, असं भाऊजींनी समजावलं आणि मशीन उचलून पुढे आणून बांधलं. रागावले नाहीत. उलट म्हणाले, बघ, हिने मशीन घेतलं, म्हणजे हिने मनाने घर हलवलंच. मला एक सणसणीत द्यावीशी वाटली. ताई परत पुढे जाऊन बसली.

तळ्याकाठी पोचलो तेव्हा संध्याकाळचं ऊन होतं. राखणदाराने आम्हाला कोपऱ्यातली जागा दिली, एका बाजूला झाड, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या नळाचा खांब. ट्रेलर मागे घेत आत घालायचा होता. पुढे जाताना हे ओझं मुकाट्याने मागून येतं, पण मागे घ्यायला लागलं की उलटा न्याय. चाक उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे पळतो. घरी रिकाम्या मैदानात सराव केला होता म्हणे. इथे सगळे आपापल्या ट्रेलरपुढे घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले, चहाचे पेले हातात, आणि करमणूक आमची.

ताई मागे उभी राहिली हात दाखवायला. ट्रेलर एकदा झाडाकडे गेला. एकदा शेजाऱ्याच्या खुर्चीकडे गेला, शेजारी पेला घेऊन उठला. एकदा तर गाडी आणि ट्रेलर काटकोनात, जणू दोघांचं बोलणं बंद. भाऊजी उतरायचे, बघायचे, परत बसायचे, कानशिलावरून घाम. मी म्हटलं, भाऊजी, राखणदाराला विचारा ना. ते म्हणाले, तू बस. मला, बसा म्हणणारीला, बस म्हणाले.

शेवटी ताई वैतागली. दमलीही असेल, सकाळपासून प्रवासात होती. तिने हात खाली सोडला आणि म्हणाली, "जाऊ दे."

भाऊजींनी जाऊ दिलं. ट्रेलर मागे गेला, सरळ गेला, इतका सरळ आधी एकदाही गेला नव्हता, आणि खांबावर धाडकन आदळला. मागचा पत्रा आत गेला, नळ मोडला, पाणी उडालं. ताई बाजूला झाली म्हणून वाचली. राखणदार धावत गेला आणि कुठलीशी चावी फिरवून त्याने पाणी बंद केलं.

भाऊजी उतरले. आधी ताईला लागलं नाही ना बघितलं, तिचे दोन्ही हात धरून बघितलं. मग म्हणाले, "तूच म्हणालीस, जाऊ दे."

"जाऊ दे म्हणजे राहू दे," ताई म्हणाली. "सोडा आता, नाद सोडा. गाडी मागे घ्या असं मी कुठे म्हटलं?"

"मग थांबा म्हणायचं."

ताई ओल्या पदराने तोंड पुसत राहिली. भाऊजी पुढे काहीतरी बोलणार होते, पण तोंड उघडं तसंच राहिलं. ते ट्रेलरच्या पायरीवर बसले. दोन्ही पाय जवळ ओढून, एकही बाहेर न ठेवता.

"घर विकायचं ना, असं मी विचारलं," ते हळू म्हणाले, "तेव्हा तू जाऊ दे म्हणालीस. ते कुठलं?"

"हेच."

"कालव्याजवळचं सोडताना?"

"हेच."

"शाळेसमोरचं?"

ताईने मान डोलावली.

"गॅरेजमागचं? तिथे तर तुझं कुणाशी पटत नव्हतं."

"पटायला लागलं होतं."

भाऊजींनी बोटांवर घरं मोजली. मग म्हणाले, "आणि बेकरीवरचं?"

"ते खरंच जाऊ दे होतं," ताई म्हणाली. "तिथे झुरळं होती."

मला हसू फुटलं. दुसरं कुणी हसलं नाही, मग मीही तोंड मिटलं. मला माझ्याच बहिणीची चीड आली होती आणि कीवही येत होती. एवढी वर्षं ही बाई नाही म्हणत होती, आणि एवढी वर्षं त्या माणसाला वाटत होतं, ही हो म्हणतेय. मला तरी कुठे कळलं होतं?

भाऊजी म्हणाले, त्यांना वाटायचं तिलाही निघायचंच असतं. दर वेळी सामान तीच आधी बांधायची. ताई म्हणाली, बांधायचं तर मलाच होतं, उशीर करून काय मिळणार होतं. आणि मग ती एकही शब्द न गिळता म्हणाली, "मला त्या घरातून कुठेही जायचं नाही. तुम्हाला जायचं असेल तर जा. मी येणार नाही."

भाऊजी उठले आणि तळ्याच्या कडेने चालायला लागले. आम्ही बघत राहिलो. पार पलीकडे गेले, ठिपक्याएवढे झाले. ताईने विचारलं, परत येतील ना गं? मी म्हटलं, तळं गोल आहे, जातील कुठे? पण धाकधूक मलाही होती. ते आले तेव्हा बुटांना चिखल लागला होता. आल्याआल्या त्यांनी खिशातून फोन काढला आणि सोमवारची वाट न बघता दलालाला लावला. घर विकायचं नाही, म्हणाले. तो पलीकडून बराच बोलला असावा. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाही हो. बायको नाही म्हणाली आहे." हे त्यांनी असं सांगितलं, की पलीकडच्याला ती नवी बातमी वाटली असेल.

रविवारी आम्ही पिचकलेला ट्रेलर ओढत परतलो. त्याचा पत्रा भाऊजींनी स्वतः ठोकून सरळ केला, नळाची भरपाई राखणदाराला पाठवली आणि मग घरात फेऱ्या सुरू झाल्या. दारापासून खिडकी, खिडकीपासून दार. कुठे जायचं नाव काढत नव्हते. ताईला वाईट वाटू नये म्हणून दाबून धरलं होतं, आणि ते बघवत नव्हतं. रात्री झोपेत पाय हलतात, ताई मला सांगायची. शेवटी तिनेच एका सकाळी त्यांचा डबा भरला, दोन जाड पांघरुणं ट्रेलरमध्ये नेऊन टाकली आणि म्हणाली, जाऊन या कुठेतरी. मी इथे आहे.

मी तेव्हा तिथेच होते. भाऊजींनी ट्रेलर जोडला, दिवे तपासले, हूक तपासला, परत दिवे तपासले, नजरेला नजर न देता गाडीत बसले आणि निघाले. गल्लीच्या टोकाला गाडी थांबली. ट्रेलर मागे घेणं त्यांना अजून जमत नाही, तेव्हा तशीच रस्त्यात सोडून ते चालत परत आले. मागे दोन गाड्या अडकल्या आणि हॉर्न वाजवायला लागल्या. मला वाटलं, काही विसरले.

ते दाराच्या चौकटीत उभे राहिले. हा माणूस कामावर जातानासुद्धा 'चला' म्हणूनच घराबाहेर पडायचा, जणू ताईलाही लिफ्टमध्ये घालून न्यायचंय. आणि घर सोडताना तर सगळीच निघायची, निरोप घ्यायला मागे राहतंय कोण?

"येतो," भाऊजी म्हणाले.

ताईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने एकेक काढून टाचण्यांच्या उशीला टोचली. हॉर्न वाजतच होते.

"या," ती म्हणाली.