तांदळाच्या धुवणावरचा पुदिना

दुष्काळाच्या त्या वर्षी सोलापुरात आमच्या नळाला दिवसाआड जेमतेम अर्धा तास पाणी यायचं. भाड्याच्या दोन खोल्यांपुढच्या पायरीवर मी तुपाच्या रिकाम्या डब्यांत पुदिना आणि कोथिंबीर लावली होती. त्यांना नळाचं पाणी मी कधीच घातलं नाही, तांदूळ-डाळीचं धुवण तेवढं घालायची. रेशनच्या लाल ज्वारीची भाकरी पुदिन्याच्या चटणीशिवाय मुलांच्या घशाखाली उतरत नसे.

एके सकाळी घरमालकीणबाई तरातरा आल्या. "लोकास्नी प्यायला पाणी न्हाय, आन् तुमी हितं बाग फुलवताय व्हय?" म्हणत त्यांनी दोन्ही डबे पालथे केले.

"अहो, धुवणावर वाढलंय ते!" मी ओरडले. त्यांनी ऐकलंच नाही. आमटी झाली की न विचारता माझीच कोथिंबीर खुडून नेणाऱ्या या बाई!

संध्याकाळी हे म्हणाले, "जाऊ दे, घर त्यांचं आहे." त्या बोलण्याचा मला जास्त संताप आला. कोथिंबीर तर गेलीच होती. पुदिन्याची मुळं मी गोळा केली आणि फुटक्या माठात लावून माठ आत खिडकीशी ठेवला.

महिन्याभरानं बाई दारात उभ्या. "जावई आलेत. चटणीपुरता पुदिना द्या की."

"माझ्याकडं बाग न्हाय," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मुलगी आता म्हणते, द्यायला हवा होतास. मला अजूनही तसं वाटत नाही.