पाटीला हात लावा

तिचे नाव मी कधी विचारले नाही. बी. ए. होऊन मी रत्नागिरीत शिक्षक लागलो, तेव्हा ती रोज सकाळी आमच्या दारी मासळी घेऊन येई. मध्ये चार महिने ती दिसली नाही. परत आली ती अर्धीच पाटी घेऊन, आणि तीही उतरवायला अंगणातून हाक मारू लागली, "मास्तरानू, पाटीला हात लावा! डाक्टरान सांगलान, जोर करायचा नाय."

तिची गर्भाची पिशवी काढली होती. माझ्या आईलाही डॉक्टरांनी तेच सुचवले होते. अंगावरून सतत जाऊन ती पांढरी पडली होती, तरी तयार होत नव्हती. "मग बाईपण काय उरलं?" एवढेच म्हणे.

एके दिवशी आईने तिला हळूच विचारले, "रडलीस का गं?"

"रडले तर, म्हयनाभर! कंबर अजून भरते." पदराने कपाळ पुसत ती हसली. "पन वैनी, बायपन पिशवीत असता, तर माजा घोव कालवान मागायचा थांबला असता!"

आई कित्येक दिवसांनी मोकळी हसली. एवढे शिकून मला आईशी जे बोलता आले नव्हते, ते तिने पायरीवर बसून सहज सांगितले.

बांगडे घ्यायचे राहूनच गेले. इस्पितळात किती लुगडी न्यावी लागतात, हे आई तिला विचारत होती.